घडीच्या टॅबलेटवरचा लाल ठिपका

दसऱ्यानंतरचा सोमवार, सकाळ. ठिकाण: दक्षिण बेंगळुरूतलं आमचं सायबर गुन्हे पोलीस ठाणे. हजर: मी, ठाण्याची इन्स्पेक्टर; हेड कॉन्स्टेबल, ज्यांना वरपासून खालपर्यंत सगळे अण्णा म्हणत; एका मोबाइल कंपनीचे सुरक्षाप्रमुख, तक्रारदार; आणि बाहेरच्या बाकावर त्याच कंपनीचा एक इंजिनिअर, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला आता बराच काळ झाला. पुष्कळ प्रकरणांतले चेहरे पुसट झाले. ती सकाळ मात्र मी अजूनही हजेरी घ्यावी तशी सांगू शकते. नाव कोणाचंच लिहीत नाही. त्यातली माणसं आपापल्या घरी आहेत, आणि त्यांना तिथे सुखाने राहू द्यावं.

तक्रार अशी होती. कंपनीने कित्येक वर्षं खपून एक टॅबलेट बनवला होता. पुस्तकासारखा मिटला की खिशात मावणारा फोन, उघडला की टॅबलेट. सगळी करामत मधल्या बिजागरीत. नेमकी हीच वस्तू दुसरी एक कंपनीही बनवत होती. बिजागरीची कल्पना मुळात कोणाची, यावरून दोघींचा कोर्टात दावा चालू होता. एकमेकींची माणसं पळवणं, जाहिरातींतून टोमणे मारणं हे तर रोजचंच. अशात टॅबलेट बाजारात यायच्या आधीच त्याचा फोटो इंटरनेटवर झळकला. पूर्ण उघडलेला, बिजागरी स्वच्छ दिसणारा. स्पर्धक कंपनीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की बघा, ही तर आमचीच नक्कल.

सुरक्षाप्रमुख उत्तरेकडचे, शहरात नवे. ताठ बसून म्हणाले, "मॅडम, चोर तुमच्या बाकावर बसलाय. तुम्ही फक्त लिहून घ्या."

"तक्रार लिहून घेते. चोर आहे की नाही ते तपासानंतर लिहीन."

संशयाला कारण होतं. त्या इंजिनिअरने दसऱ्याच्या थोडं आधी राजीनामा दिला होता, नोटिशीचे दिवस भरत होता, आणि तो त्याच स्पर्धक कंपनीत चालला होता. शिवाय कंपनीला एक निनावी फोन आला होता: तुमचा माणूस जे. पी. नगरच्या एका हॉटेलात त्यांच्या बाईला भेटला, तासभर बोलत बसला. ही खबर आम्ही तपासली. हॉटेलच्या कॅमेऱ्यात दोघं दिसत होते. खबर खरी होती. नोकरीत शिकलेली एक गोष्ट इथे सांगते: खबर बहुतेक वेळा खरीच असते, तिच्यासोबत आलेला अर्थ तपासायचा असतो.

फोटोत एक खूण होती. बिजागरीच्या कोपऱ्यावर छोटा लाल ठिपका. सुरक्षाप्रमुखांनी लगेच उलगडा केला. आनेकलच्या कारखान्यात जो तुकडा चाचणीत नापास होतो त्यावर लाल ठिपका देतात. म्हणजे नापास मालातला एक टॅबलेट बाहेर काढला गेला आणि या इंजिनिअरपर्यंत पोचला. ऐकायला चोख वाटलं. अण्णा आणि मी आनेकलला गेलो, नापास मालाची मोजणी करवली. एकही तुकडा कमी नव्हता. परतताना अण्णा जीपमध्ये एवढंच म्हणाले, "मेडम, चोरी झाली, पण काही गेलंच नाही. अशी चोरी मी पहिल्यांदा बघतोय."

फोटो टाकणाऱ्याची माहिती त्या संकेतस्थळाकडे मागितली होती, पण अशा उत्तरांची वाट बघत बसलं तर ऋतू बदलतो. इंजिनिअरचा फोन जप्त करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवला होता, तिथली रांग त्याहून लांब. राहिला माणूस. त्याला मी पुन्हा चौकशीला बोलावलं.

"बस. कॉफी घेणार?" मी मराठीत विचारलं.

तो चमकला. "मॅडम, तुम्ही मराठी?"

"घरात. आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आले आणि परत जायचं विसरले."

"अशी मराठी ऐकली नव्हती जी कधी."

"हसू नको. आमच्या घरी नागपूरकर आला की आम्ही पण हसतो. अण्णा, एक कॉफी, बाय-टू." एका कॉफीचे दोन पेले आले. एक मी त्याच्याकडे सरकवला. "सरी, बरं, आता सांग. हॉटेलात कोणाला भेटलास?"

"त्यांच्या भरतीवाल्या बाईला. नोकरीसाठी."

"पगार किती वाढवून देणार होते?"

"कमीच देऊन राहिले होते. पण नागपूर देत होते."

"म्हणजे?"

"तिकडे त्यांचं मोठं केंद्र निघून राहिलं. मला घरी जायचं आहे मॅडम. कॉलेजपासून बाहेर आहे मी. आई एकटीच राहते. शाळेत शिकवायची, आता रिटायर आहे. काचबिंदू आहे तिला. एक डोळा गेला. दुसऱ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत."

"म्हणून एवढ्या घाईत राजीनामा?"

"घाई डोळ्याची आहे जी, माझी नाही."

अण्णांना मराठी बोलता येत नसे, पण माझ्याबरोबर बसून समजू लागली होती. त्यांनी लिहिणं थांबवलं. मी थांबले नाही.

"फोटो तू काढलास?"

त्याने पेला बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मी त्यांना काही विकलं नाही."

"ते मी विचारलंच नाही."

पुढे तो बोललाच नाही. मी प्रश्न फिरवून विचारला, उलटा विचारला, गप्प बसून बघितलं. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर प्रश्नाआधीच तयार असतं. याच्याकडे उत्तरच नव्हतं, नुसतं तोंड घट्ट मिटलेलं. असा माणूस बहुधा स्वतःला वाचवत नसतो. पण हे कागदावर लिहिता येत नाही.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. कंपनी मोठी आहे, चर्चा वाढते आहे, अटक दाखवा. अटक केली तर काय होणार ते मला ठाऊक होतं. जामीन मिळाला असता, पण अट पडली असती की कोर्टाच्या परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. खटला किती वर्षं चालेल याचा भरवसा नाही. तोवर नागपुरातला तो दुसरा डोळा थांबणार नव्हता. दोन दिवसांची मुदत मागून घेतली. नाखुशीने मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यातल्या संगणकावर तो फोटो मोठा करून बघत बसले होते. आमच्याकडे खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, ठाण्यातल्या सगळ्या साधनांची पूजा होते. रायफली, जीप, बेड्या, वायरलेस आणि आता संगणकसुद्धा. अण्णा स्वतः प्रत्येक वस्तूला हळदीचं बोट लावतात, त्यावर कुंकू. माझ्या संगणकाच्या चौकटीवरही ते होतं आणि सुकून त्याचे कण खाली पडत होते.

"अण्णा, हे पुसा की. स्क्रीनवर सांडतंय."

"आपोआप जाईल मेडम. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं."

मी चौकटीकडे बघितलं आणि मग फोटोकडे. दोन्हीकडे एकेक लाल ठिपका, हातभर अंतरावर. खालून जाड, वरून विरळ होत गेलेला, बोट टेकून वर उचलल्यावर उमटतो तसा. फोटो आणखी मोठा केला. ठिपक्याभोवती पिवळसर कड होती. इतके दिवस तिला आम्ही उजेडाची तिरीप समजत होतो.

"अण्णा, हा टॅबलेट चोरीला गेलाच नव्हता," मी म्हटलं. "याची पूजा झाली आहे."

अण्णा वाकले, डोळे बारीक केले आणि कपाळाला हात लावला. "अय्यो! हे आपल्याला दिसायला नको होतं का?"

नको होतं असं नाही. पण त्या आठवड्यात या शहरातल्या प्रत्येक रिक्षावर, लिफ्टवर, शिलाई मशिनवर तोच ठिपका असतो. जे सगळीकडे असतं ते खूण म्हणून दिसत नाही.

सुरक्षाप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "लॅबमध्ये पूजा? अशक्य. नियमांत तशी तरतूदच नाही."

आम्ही लॅबमध्ये गेलो. उंबऱ्याबाहेर कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्याचा लाल डाग होता. आत सूक्ष्मदर्शकाला ठिपका, पेचकसांच्या मांडणीला ठिपका, दाराच्या कुलपाला ठिपका. सुरक्षाप्रमुख मागोमाग येत होते आणि त्यांचा आवाज उतरत चालला होता. "मला वाटलं ही तपासणीची खूण आहे," ते म्हणाले. "मीच एकदोघांना शाबासकीही दिली, तपासणी वेळेवर झाली म्हणून."

लॅबचे प्रमुख तिथेच होते. कन्नड गृहस्थ, केस पिकलेले, निवृत्तीला आलेले. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मेडम, स्वल्प इकडे या." खिडकीपाशी नेलं आणि हळू आवाजात, माझ्याशी कन्नडमध्ये बोलले. "पूजा माझी. तिजोरी मीच उघडली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते आत कुलपात, आणि पाने-पेचकस बाहेर हारात? मनाला पटेना. बाहेर आणलं, कुंकू लावलं, हार घातला. पाच मिनिटांत परत ठेवणार होतो."

"आणि फोटो? इथे फोनच्या कॅमेऱ्यावर पट्टी लावून आत सोडतात ना?"

"पट्टी लावणारा पहारेकरीच प्रसाद घ्यायला आत आला होता. मी सगळ्यांना बजावलं होतं, फोटो नको. मग तो नागपूरचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, सर, आई विचारत असते, तू तिकडे करतोस तरी काय? मला सांगता येत नाही, आणि आता तिला दिसेनासं होतंय. मी म्हटलं, एक काढ. तिला दाखव आणि काढून टाक. परवानगी माझी आहे, मेडम. त्याचं नाव लिहायचं तर आधी माझं लिहा."

तिजोरीतला तो टॅबलेट पंचनामा करून जप्त केला आणि संध्याकाळी इंजिनिअरला मी हे सांगितलं. त्याने पहिल्यांदा मान वर केली. "सरांचं नका लिहू जी. ते रिटायर होऊन राहिले. त्यांना जायच्या वेळेला असं..."

"तू आईला पाठवलास?"

"तिलाच. मग काढून टाकला. तिनं कोणाला दिला असेल असं वाटलंच नाही. आता तिला विचारायला पोलीस जातील म्हणून..."

स्त्री साक्षीदाराचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. वरिष्ठांकडून मुदत वाढवून घेतली आणि अण्णा व मी यशवंतपूर स्टेशनवरून गाडी पकडून नागपूरला गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. बाई दारातच उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली.

"या बाई, बसा. चपला राहू द्या. तुम्ही धरून नेलं काय माझ्या पोराला?"

"नाही हो. विचारायला बोलावलं."

"आमच्या शाळेतही विचारायलाच बोलवत होतो आम्ही. पोरं रडतच यायची."

मी हसले. त्याही हसल्या, पण हात काही चौकटीवरून सुटेना. पाणी झालं, चहा झाला. मग मी फोटोचं विचारलं.

"आला न फोटो. पण मला तं नुसता पिवळा ढग दिसला. हार असंल. मधात काळं काही. म्हटलं, पोरानं पहिल्यांदा आपलं काम दाखवलं आणि आपल्याला ढग दिसून राहिला. बहिणीचा पोरगा आहे मागच्या गल्लीत, मोबाइलचे व्हिडिओ करत असते. त्याला म्हटलं, बाबू, मोठ्या टीव्हीवर लाव. टीव्हीसमोर नाक टेकून बसली मी."

"दिसला?"

"थोडा थोडा. ते उघडते, मिटते म्हणे. पण फोटोत कसं उघडणार, कसं मिटणार?"

भाच्याला बोलावून घेतलं. पंचविशीतला तरुण, घाम पुसत आला. हार आणि मागची देवीची तसबीर कापून उरलेला फोटो त्यानेच इंटरनेटवर टाकला होता. कापला का, विचारल्यावर म्हणाला, "हार दिसला तर लोक खरं मानत नाहीत मॅडम. वाटतं, दुकानाचं उद्घाटन आहे." हार ठेवला असता तर पहिल्याच दिवशी मला सगळं समजलं असतं, हे मी त्याला सांगितलं नाही. मावशी मात्र त्याच्याकडे तोंड वळवून म्हणाल्या, "गाढवा, दादाची नोकरी खाल्ली न तू." तो रडायला लागला, तेव्हा त्यांनीच त्याला चहा दिला.

जबाब वाचून दाखवला. सही करताना कागदावर रेघ कुठे आहे ते मी बोट धरून दाखवलं. निघताना त्यांनी माझं मनगट पकडलं.

"बाई, ते यंत्र तुमच्याकडे आहे म्हणता न आता?"

"जप्त केलंय. मुद्देमाल म्हणून."

"सुटलं की एकदा माझ्या हातात द्या. डोळा राहो न राहो. उघडून मिटून पाहीन. मग समजंल मला, पोरगा इतकी वर्षं कायच्या मागं होता ते."

"देते," मी म्हटलं.

परत आल्यावर मी बी रिपोर्ट सादर केला, म्हणजे गुन्ह्याचा हेतू सिद्ध होत नाही असा अहवाल. लबाडीचा हेतू नाही, लाभ नाही, स्पर्धक कंपनीशी संबंध नाही. कंपनीने आधी हरकत घेतली, नंतर गाजावाजा नको म्हणून मागे घेतली. लॅबप्रमुख ठरल्या दिवशी निवृत्त झाले. अटक झाली नाही. चौकशीतून मोकळं केल्याचं कळवलं तेव्हा इंजिनिअर ठाण्यात आला आणि अण्णांच्या पाया पडला. अण्णा इतके गडबडले की त्यांनी त्याला सलाम केला.

पण स्पर्धक कंपनीने त्याची नोकरी रद्द केली होती. वादातला माणूस त्यांना नको होता. तो तरीही नागपूरला गेला. आता तिथल्या एका तंत्रनिकेतनात शिकवतो. पगार बेंगळुरूपेक्षा बराच कमी. फोनवर मी एकदा विचारलं, पस्तावा होतो का? म्हणाला, "रोज संध्याकाळी आईला पेपर वाचून दाखवतो जी. ती मधीच माझे उच्चार सुधारते."

या प्रकरणाने मला काय शिकवलं? लॅबमध्ये पहारे होते, पट्ट्या होत्या, तिजोरी होती, गुपित राखण्याच्या करारावर प्रत्येकाची सही होती. या सगळ्या बंदोबस्तात विकणारा माणूस गृहीत धरला होता. दाखवावंसं वाटणारा माणूस कोणी धरलाच नव्हता. दोन कंपन्यांनी एकमेकींवर इतकी नजर ठेवली होती की आपल्या आत काम करणाऱ्यांनाही घर असतं, घरी कोणीतरी विचारणारं असतं, हे त्यांच्या हिशेबात आलं नाही. तेव्हापासून प्रत्येक तपासात 'कोणाला फायदा झाला?' याच्याबरोबर मी 'कोणाला हे सांगावंसं वाटलं असेल?' हेही विचारत गेले. पुष्कळ वेळा दुसऱ्या प्रश्नाने दार उघडलं.

माझे वडील रोज जेवताना विचारायचे, "आज काय केलंस ग?" मी म्हणायची, "काही नाही अप्पा, नेहमीचंच." तपासाचं घरी बोलायचं नाही हा नियम, आणि तो बरोबरच आहे. अप्पा गेले तेव्हा मी तीन ठाणी बदलली होती आणि त्यांना त्यातलं एकही काम माहीत नव्हतं. आता सांगायला मोकळी आहे. जेवताना आजही समोरची खुर्ची त्यांच्या सवयीने थोडी तिरकीच ठेवली जाते.

तो टॅबलेट बाजारात कधी आलाच नाही. बिजागरीचा दावा लांबला, तोवर दोन्ही कंपन्या दुसऱ्याच वस्तूंच्या मागे लागल्या. आमच्याकडचा मुद्देमाल त्या दाव्यात पुरावा म्हणून कोर्टाने मागवून घेतला आणि तो तिथे सीलबंद आहे. नागपूरहून महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. बाईंना आता फक्त खिडकीतला उजेड समजतो. त्या टॅबलेटचं विचारत नाहीत. माझ्या गुडघ्याचं विचारतात, अण्णांचं विचारतात.

सील उघडून वस्तू कोणाच्या हातात द्यायची तर कोर्टाची परवानगी लागते. त्यासाठीच्या अर्जाला दोन्ही कंपन्यांची संमती हवी. पहिल्या कंपनीने दिली, सुरक्षाप्रमुखांनी स्वतः खटपट करून. दुसरीचे वकील म्हणतात, पहिलीला चालतं म्हणजे त्यात तिचा काहीतरी डाव असणार. मी तीनदा जाऊन आले. त्यांच्यापैकी एक तरुण वकीलबाई ऐकून घेतात असं वाटतं. येत्या गुरुवारी त्यांना पुन्हा भेटायचं आहे.